खुर्ची सोडू नये, बियर आणू नये

इंग्लंडमधल्या फुटबॉलचं मध्यंतर पंधरा मिनिटांचं. तेवढ्या वेळात खेळाडूंनी प्रशिक्षकाची बोलणी खायची आणि प्रेक्षकांनी रांग लावायची, बियर मिळवायची, ती संपवायची आणि जमलं तर स्वच्छतागृह गाठून जागेवर परत यायचं. यातलं खेळाडूंचं काम सोपं. मुरलेला प्रेक्षक म्हणूनच त्रेचाळिसाव्या मिनिटाला उठतो. पंचेचाळिसाव्या मिनिटाला गोल झालाच, तर डोक्यावरचं काँक्रीट थरथरल्यावरून त्याला तो कळतो.

बियर जागेवर नेऊन निवांत का पीत नाही, असं त्याला विचारू नये. कायदा आडवा येतो. १९८५ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने फुटबॉलमधल्या दंगेखोरीवर उतारा म्हणून एक कायदा केला. त्यानुसार वरच्या साखळ्यांतल्या सामन्याला, जिथून मैदान दिसतं अशा जागी हातात दारू असणं हा गुन्हा. मैदान दिसत नसेल तर हरकत नाही. म्हणजे स्टँडखालच्या ठेंगण्या पॅसेजमध्ये हजारभर माणसं खांद्याला खांदा लावून घटाघट पिऊ शकतात, पण त्यातल्या एकाने अर्धा पेला घेऊन पंधरा पायऱ्या चढल्या की तो गुन्हेगार. मैदानाकडे तोंड करून असलेल्या श्रीमंतांच्या खोल्यांसाठी काही ठिकाणी याहून सोपी तोड निघाली आहे : पडदे ओढून घ्यायचे. खेळ दिसत नाही, म्हणजे दारू चालते.

हा कायदा फक्त फुटबॉलपुरता. ट्विकेनहॅमला रग्बीचा प्रेक्षक पेला हातात घेऊन सामना बघतो. लॉर्ड्सवर तर कसोटीला येणारा माणूस घरून वाइनची बाटली आणू शकतो, बुचासकट. क्रिकेटचा प्रेक्षक पिऊन पेंगतो आणि फुटबॉलचा पिऊन पेटतो, अशी कायद्याची ठाम समजूत असावी.

तर अशा या सुखी संसारात मार्च २०२० मध्ये कोरोना आला. १३ मार्चला फुटबॉल थांबलं आणि १७ जूनला प्रीमियर लीग रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाली. या नव्या पर्वात पेयपानाची सोय झाली, पण खेळाडूंची. प्रत्येक अर्धात मधोमध एकेक मिनिटाचा ‘ड्रिंक्स ब्रेक’ मिळू लागला. पाणी नावापुरतं, प्रशिक्षकांनी त्या मिनिटात डावपेच बदलून घेतले. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर काही क्लबांनी पुठ्ठ्याची माणसं बसवली. त्यांना तहान नव्हती, रांग नव्हती, मूत्राशय नव्हतं. सुरक्षा अधिकाऱ्यांना इतका आदर्श प्रेक्षक पुन्हा लाभणार नाही. अर्थात लीड्सला तिथेही डोकेदुखी झालीच. कुणीतरी ओसामा बिन लादेनचा पुठ्ठा स्टँडमध्ये घुसवला होता, तो उचलावा लागला.

जर्मनांनी प्रश्न जर्मन पद्धतीने सोडवला. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या क्लबांनी ठरवून टाकलं : प्रेक्षक आलेच तर ऑक्टोबरअखेरपर्यंत स्टेडियममध्ये दारू नाही. ज्या देशात बियर घेऊन जागेवर बसण्यात कुणाला वावगं वाटत नाही, तिथे हा निर्णय म्हणजे घरातच सुतक. पण एका ओळीचा नियम, पाळायला सोपा. इंग्लंडमध्ये मात्र ओळी वाढत गेल्या.

ऑगस्टच्या शेवटी ब्रायटन आणि चेल्सी यांच्या मैत्रीपूर्ण सामन्याला अडीच हजार माणसं सोडून चाचणी झाली. १ ऑक्टोबरपासून मैदानं उघडण्याचा बेत रुग्ण वाढल्याने बारगळला. शेवटी डिसेंबरात देशाचे तीन थर पाडले गेले. पहिल्या थरात चार हजारांपर्यंत प्रेक्षक, दुसऱ्यात दोन हजारांपर्यंत, तिसऱ्यात कुणीच नाही. क्रीडांगणांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने सामाजिक अंतरासाठी वेगळी मार्गदर्शिकाच काढली होती. तिचं सार, गर्दी करू नका. आणि इथे दोन कायद्यांची गाठ पडली. १९८५चं शहाणपण सांगत होतं, बियर प्यायची तर खुर्ची सोडून पॅसेजमध्ये जा. २०२०चं शहाणपण सांगत होतं, पॅसेजमध्ये जमू नका, खुर्चीतच बसा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. कुणा पुणेकराने दोन वेगवेगळ्या वर्षी, दोन वेगवेगळ्या रागांत लिहिलेल्या पाट्या एकाच दारावर लावाव्यात, तसं झालं.

हिशेबच करायचा तर टॉटनहॅमचं उदाहरण घ्यावं. तिथलं नवं स्टेडियम २०१९ साली उघडलं तेव्हा पासष्ट मीटर लांबीच्या बारचा केवढा बोलबाला झाला होता! पेल्याच्या बुडातून बियर भरणारी यंत्रं, मिनिटाला दहा हजार पाइंट ओतण्याची क्षमता. ६ डिसेंबर २०२० रोजी त्याच स्टेडियममध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याला माणसं होती दोन हजार. म्हणजे सगळ्यांची तहान बारा सेकंदांत भागावी. पण दोन मीटरचं अंतर काटेकोर पाळलं, तर पासष्ट मीटरच्या बारपाशी एका वेळी उभे राहणार तेहेतीस जण. छोट्या क्लबच्या एका खिडकीचा हिशेब याहून रडका. एका गिऱ्हाइकाला पाऊण मिनिट धरलं, तरी मध्यंतरात वीस जणांचं काम होतं. एकविसाव्याने मास्कमागून दुसरा अर्ध सुरू झाल्याची शिट्टी ऐकावी.

मैदानात जमत नाही तर सामन्याआधी पबमध्ये घ्यावी, तर तिथे वेगळीच पंगत मांडलेली. दुसऱ्या थरातल्या पबांना अट होती : दारू फक्त ‘भरपेट’ जेवणाबरोबर. मग भरपेट म्हणजे किती, यावर राज्यकर्त्यांची मीमांसा सुरू झाली. ऑक्टोबरातच रॉबर्ट जेनरिक या मंत्र्यांनी निर्वाळा दिला होता की, कॉर्निश पेस्टी बशीतून, सोबत चिप्स किंवा सॅलड असं टेबलावर आलं तर ते जेवण. नोव्हेंबरअखेरीस पर्यावरणमंत्री जॉर्ज यूस्टिस म्हणाले, स्कॉच एग बहुधा जेवणात धरता येईल. स्कॉच एग म्हणजे खिम्यात गुंडाळून तळलेलं उकडलेलं अंडं. दुसऱ्याच दिवशी त्यांचे सहकारी मंत्री मायकल गोव्ह म्हणाले, छे, दोन अंडी ही तर सुरुवात. त्याच दिवशी त्यांनीच फिरून मान्य केलं की हो, ते जेवणच. साथीत माणसं मरत होती आणि लोकशाहीची जननी अंड्यावर बसली होती. फुटबॉलवाल्यांच्या हातातल्या ‘पाय’ नावाच्या खाद्याचं काय, हे मात्र कुणी मंत्र्याने सांगितलं नाही.

या सगळ्यातून निर्दोष सुटलं ते बोव्हरिल. गरम पाण्यात कालवलेला गोमांसाचा अर्क. काळपट, खारट, वरून मिरपूड. जॉन लॉसन जॉन्स्टन या स्कॉटिश माणसाचं हे अपत्य, एकोणिसाव्या शतकातलं. २००४ मध्ये कंपनीने त्यातून गोमांसच काढून टाकलं आणि २००६ मध्ये परत घातलं. फुटबॉल पाहणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी थंडीत या पेल्याभोवती बोटं शेकली आहेत. कायद्याला त्याचं वावडं नाही. उकळतं बोव्हरिल खुशाल जागेवर न्यावं. समोरच्याच्या मानेवर सांडलं तर थंड बियरपेक्षा ते कितीतरी जास्त भाजेल, हा तपशील १९८५च्या कायदेपंडितांच्या नजरेतून सुटला असावा. शिवाय मास्कला खाता-पिताना सूट होती. पेला पुरवून पुरवून प्यायला की नाक कायदेशीररीत्या उघडं.

त्याच हिवाळ्यात गोव्यात हा गुंता झालाच नाही. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१चा अख्खा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान इथे झाला, प्रेक्षकांविना. फुटबॉल आणि पेय या दोन्ही विषयांत ज्यांना कुणी शिकवायची गरज नाही, ते गोवेकर दोन्हींसाठी घरीच बसले. तिथे निदान सोबत अंडं मागत नव्हतं कुणी.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीने फुटबॉलच्या कारभारावर अहवाल दिला. लोकांना पॅसेजमध्ये कोंबून घाईघाईने पाजण्यापेक्षा खालच्या दोन स्तरांवर जागेवर पिऊ देण्याचा प्रयोग करून बघा, अशी एक शिफारस त्यात होती. क्लबांच्या आर्थिक शिस्तीवरच्या लांबलचक मजकुरापेक्षा वर्तमानपत्रांना याच कलमात जास्त रस वाटला. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये कायदा जागचा हलला नाही.

महिलांच्या सामन्यांना तो मुळात लागूच नाही. पण हे ध्यानात घेऊन तिथे जागेवर बियरचा प्रयोग सुरू व्हायला जानेवारी २०२५ उजाडलं. त्यात ब्रिस्टल सिटीचा महिला संघ होता. ब्रिस्टलच्या अ‍ॅश्टन गेट मैदानावर रग्बीही खेळली जाते. तेव्हा तिथल्या एकाच खुर्चीत बसून माणूस रग्बीला बियर पिऊ शकतो, महिलांच्या फुटबॉलला प्रयोग म्हणून पिऊ शकतो, आणि पुरुषांच्या फुटबॉलला प्याला तर पोलीस येतात.