एक नाव, दोन पात्या

माळव्यातील मराठी माणसाचा ऑनलाइन कारभाराशी असलेला संबंध समजून घ्यायचा, तर प्रथम ‘ज्ञ’ या जोडाक्षराचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. देवनागरीत ते मराठीत आणि हिंदीत एकसारखेच लिहिले जाते. परंतु मराठी जीभ त्याचा उच्चार ‘द्न्य’ करते व हिंदी जीभ ‘ग्य’, त्यामुळे रोमन लिपीत उतरताना एकाच माणसाची दोन माणसे होतात.

प्रस्तुत लेखकाच्या दिवंगत वडिलांचे नाव याच अक्षराने सुरू होत असे. उदयनगर या गावी राहून शहरातील वडिलोपार्जित घराचा संपत्तिकर, म्हणजे मध्य प्रदेशातील घरपट्टी, मोबाइलवर भरता येईल आणि त्याच बैठकीत नामांतरणाचा, म्हणजे घर वारसाच्या नावे करण्याचा, अर्जही उरकेल, या कल्पनेने लेखकास आधुनिकतेचा सूक्ष्म गर्व झाला होता. मृत्यूच्या दाखल्यावर ‘द्न्य’च असावा असा आग्रह त्याने स्वतः धरला होता, घराच्या जुन्या नोंदीत मात्र ‘ग्य’ होता. संगणकाने ही दोन नावे एकाच माणसाची मानली नाहीत, आणि अर्ज अडला.

येथे माळव्यातल्याच देवासचे स्मरण अपरिहार्य आहे, निदान लेखकास तरी ते नेहमी अपरिहार्य वाटते. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून तेथे दोन संस्थाने चालत आली, थोरली पाती आणि धाकटी पाती (पाती म्हणजे वाटा). दोन्हींची राजधानी एकच गाव होते, मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळे अंमल होते, आणि पाणीपुरवठा व दिवाबत्तीचीही व्यवस्था वेगळी होती. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस होता. 1948 मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. एका गावाचे दोन राजे ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, तेथे एका मृताची दोन स्पेलिंगेही सांभाळली जावीत, हा लेखकाचा युक्तिवाद ऐतिहासिकदृष्ट्या भक्कम होता; मात्र तो अपलोड करण्याची सोय नव्हती.

मध्य प्रदेशाने 2010 मध्ये लोकसेवा गारंटीचा, म्हणजे ठरावीक मुदतीत सेवा न दिल्यास अधिकाऱ्यास दंड करणारा, कायदा केला आणि त्या बाबतीत तो देशात पहिला ठरला. पण मुदत मोजण्यासाठी आधी अर्ज दाखल व्हावा लागतो.

अखेरीस कियोस्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या बोटांनी ऑनलाइन होण्याच्या दुकानात, जावे लागले. रांगेत पाड्यावरून आलेली एक वृद्धा होती, आणि तिच्या पिशवीत समग्र आयडीची, म्हणजे राज्यातील कुटुंबाला 8 व सदस्याला 9 अंकांनी ओळखणाऱ्या क्रमांकाची, चिठ्ठी होती. तिचे नाव आयुष्यभर इतरांनीच, ज्याला जसे सुचेल तसे, लिहिले होते, आणि त्या नावातल्या एका अक्षरापायी तिचे पेन्शन थांबले होते. लेखकाचा अभिमान अडला होता, तिचे पीठमीठ अडले होते. आणि यंत्राच्या लेखी दोन्ही प्रकरणे सारखीच होती, ही गोष्ट विनोदाच्या कोणत्याही व्याख्येत बसवता येत नाही.

लेखकाने ‘द्न्य’चा हट्ट सोडून दाखला दुरुस्त करून घेण्यास संमती दिली, आणि तूर्त नुसता कर भरला. पावती देवनागरीत निघाली. कियोस्कवाल्याने नाव ‘ग्य’ असे वाचले, लेखकाने मनात ‘द्न्य’ असे वाचले. आणि कागदावर वडील दोघांसाठी एकाच अक्षरात उभे होते.