लिंकवाले गुरुजी

नगरच्या पाइपलाइन रोडवर राहणारे आमचे एक गुरुजी शासन निर्णय जमवतात. पूर्वी झेरॉक्स काढून फायलीला लावायचे. आता पायथन शिकलेत. म्हणजे भाच्यानं संकेतस्थळावरून निर्णयांच्या लिंका गोळा करणारी पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. ज्या लिंकच्या शीर्षकात 'अहमदनगर' असेल ती वेगळी काढायची, एवढी एक ओळ गुरुजींनी घातली आणि तेव्हापासून ती 'माझी स्क्रिप्ट' झाली.

"पान वाचायचंच नाही," चहाच्या टपरीवर ते समजावतात. "त्याचं एचटीएमएल आणायचं, 'ए' टॅग धरायचे, प्रत्येकाच्या 'एचरेफ'मधला पत्ता उचलायचा. बाकी मजकुराशी आपल्याला काय करायचंय?" हा नियम त्यांनी आजवर मोडलेला नाही.

या कामाच्या लायब्ररीचं नाव ब्यूटिफुल सूप. काकूंना ते पाखडायचं सूप वाटलं, आणि माझ्या मते काकूंचंच बरोबर आहे. फक्त गुरुजी पाखडून दाणे घरी आणत नाहीत, कोणत्या पोत्यात किती दाणे याची यादी आणतात.

काही लिंका अर्धवट निघतात, सुरुवातीचं संकेतस्थळाचं नाव आपण जोडायचं असतं. गुरुजींचा दाखला असा: "'दिल्ली गेटच्या अलीकडं, उजव्या हाताला' हे नगरकराला पुरतं. श्रीगोंद्याच्या पाहुण्याला आधी नगरला आणावं लागतं." सर्व्हरवर ताण नको म्हणून दोन विनंत्यांमध्ये ते दोन सेकंद थांबतात. माळीवाडा स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा हाच माणूस, हे सांगून कुणाला पटत नाही.

2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि गुरुजींची वेगळी यादी वाढायची थांबली. "शासन थंडावलंय," असं ते चार महिने सांगत होते. शेवटी भाच्यानं त्यांना त्यांचीच ओळ दाखवली.

परवा वैद्यकीय बिलासाठी ऑफिसात गेले. क्लार्कनं विचारलं, "कोणत्या जीआरनं मागताय?" गुरुजींकडं साडेसहा हजार लिंका, उघडलेली एकही नाही. क्लार्कनंच कीव येऊन ड्रॉवरमधून पिवळी पडलेली झेरॉक्स काढली. गुरुजींनी ती उलटी केली, शेवटच्या पानावरचा लांबलचक संकेतांक वहीत टिपला आणि झेरॉक्स परत दिली.

बिल अजून मंजूर व्हायचंय.