भुतांचं वर्क परमिट

नाना ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल फॅक्टरीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झाले, असं त्यांचे कागद सांगतात. नानांना ते मान्य नाही. दरवर्षी ते न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे येतात आणि बॅगा उघडायच्या आधी घरातले स्मोक डिटेक्टर दाबून बघतात. डिटेक्टर किंचाळले की मगच चहा घेतात.

३१ ऑक्टोबरला हॅलोविन. बाकीची अमेरिका त्या संध्याकाळी पोरांना भुताखेतांचे कपडे चढवून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायला पाठवते. नानांच्या मते हा सरळसरळ शटडाउन जॉब आहे: अंधार, घाई, नवखे कामगार आणि अंगात न बसणारे कपडे.

म्हणून दुपारी चारला ड्राइव्हवेत टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची शिकवणी. समोर त्यांची दोन नातवंडं आणि आमच्या गल्लीतली तीन. एल्साच्या झग्याचा घोळ चार बोटं वर टाचला. डायनासोरचं शेपूट कमरेला बांधलं. बॅटमॅनचा मुखवटा जप्त. "भोकं सरकली की डावीकडची गाडी दिसत नाही," असं सांगून त्याच्या तोंडाला काळा रंग फासला. तोही आदल्या दिवशी मनगटावर लावून, पुरळ येत नाही ना बघून. स्पायडरमॅनला रात्री चमकणारं पिवळंधम्मक जाकीट घातलं. मग पहिल्याच दारात आजीबाईंनी त्याला कौतुकानं विचारलं, रस्त्याचं काम करणारा झालायस का रे? त्यानं दोन घरं भांडून बघितलं. तिसऱ्या घरापासून तो हो म्हणू लागला. चॉकलेट तेवढंच मिळत होतं.

पायरीवरच्या भोपळ्यातली मेणबत्ती काढून नानांनी बॅटरीचा दिवा ठेवला. उघडी ज्योत आणि नायलॉनचे झगे एका पायरीवर, ही कल्पनाच त्यांना झोपू देत नव्हती. शेजारी एक मोरपिशी रंगवलेला भोपळा. २०१४ पासून अमेरिकेत ही खूण रुळली आहे: शेंगदाणा, दूध यांची अ‍ॅलर्जी असलेल्या पोरांना या दारात खाऊऐवजी दुसरं काहीतरी मिळतं. नानांनी दुसरं काहीतरी म्हणून शिट्ट्या वाटल्या. रात्री दहापर्यंत गल्लीत कोणी झोपलं नाही, तेव्हा त्यांना कोणी नावं ठेवली असतील तर ती रास्तच होती.

जावयाचा जीव मात्र चॉकलेटांत अडकलेला. टॉर्च मारून वेष्टनं तपासायची, कोणी विष तर नाही ना घातलं! नानांनी याचा अभ्यास करून ठेवला होता. टेक्सासमध्ये १९७४ साली एका पोराच्या गोड पुडीत सायनाइड निघालं, हे खरं. पण ते घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. डेलावेअर विद्यापीठातले जोएल बेस्ट १९८०च्या दशकापासून असल्या बातम्यांचा माग काढताहेत. अनोळखी माणसानं वाटलेल्या गोळीनं पोर दगावल्याचं एकही पक्कं प्रकरण त्यांना सापडलेलं नाही. याउलट १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर बरोबर एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या संध्याकाळींपेक्षा हॅलोविनच्या संध्याकाळी गाडीखाली सापडून पादचारी मरण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. "जावईबापू, कॅडबरीकडे काय बघताय? त्या रिव्हर्स येणाऱ्या गाडीकडे बघा!"

इथे नाना शंभर टक्के बरोबर होते. जावयाला ते पटलंही. पण पटलं म्हणून सासऱ्याला तसं सांगायचं असतं असं थोडंच आहे! त्यानं मुकाट्यानं नानांनी या फेरीसाठी बनवलेल्या वर्क परमिटवर सही केली. त्यावर पाच नावं, निघायची वेळ, परतायची वेळ.

वरात निघाली. पुढे टॉर्च घेऊन नाना, मागे एका रांगेत पोरं, शेवटी पडेल चेहऱ्यानं जावई. फुटपाथ सोडायचा नाही, एका बाजूची सगळी घरं संपल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, दोन उभ्या गाड्यांच्या मधून तर मुळीच नाही. ज्या घराचा बाहेरचा दिवा बंद, तिथे जायचं नाही. शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं. आता नानांनीच वाटलेल्या शिट्ट्या चहूकडून वाजत होत्या, त्यामुळे वरात दर दहा पावलांना थांबत होती. पण रांग मोडली नाही.

आठ वाजता ड्राइव्हवेत हेडकाउंट झाला. सहा. नानांनी पुन्हा मोजलं. सहाच. शेवटी एक पांढरी चादर उभी, हातात पिशवी. चादरीखालून आवाज आला की पुढे एवढं शिस्तीत चाललंय म्हटल्यावर ही शाळेचीच रांग असणार असं त्याला वाटलं. पाचच मिनिटांत त्याची आई धावत आली. ती नानांचे आभार मानत होती आणि नाना तिला चादरीला भोकं किती रुंद हवीत ते मराठीत समजावत होते. तिनं सगळ्याला हो म्हटलं.

जेवणाआधी डायरीत नोंद झाली: "नियर मिस. भूत १, जादा. कारण: आयकार्ड नाही. उपाय: पुढच्या वर्षी सर्व भुतांना नंबर." खाली नानांची सही, आणि शेजारी जावयाच्या सहीसाठी रिकामी जागा.