बेकारी, आयुष्यात एकदाच

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे आपल्या ईएसआयची, ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ २०१८ साली आली. नोकरी गेली तर रोजच्या सरासरी कमाईचा चौथा हिस्सा, तोही जास्तीत जास्त ९० दिवस. २०२० साली सरकारला पाझर फुटला आणि चौथ्याचा निम्मा झाला.

मूळ नियमातली गंमत अशी, की अर्ज मालकामार्फत पाठवायचा. म्हणजे ज्याने काल दाराबाहेर काढलं त्याच्याच दारात जायचं आणि ‘साहेब, तुम्ही मला काढलंत एवढं तेवढं लिहून द्या’ म्हणायचं. करोनात ही अट गेली; कामगाराला थेट शाखा कार्यालयाच्या खिडकीशी उभं राहण्याचा मान मिळाला.

अर्थात हे सगळं २०१७ पासूनच्या २१ हजारांच्या पगारमर्यादेतल्यांसाठी. त्यावर कमावणाऱ्या हिंजवडीकरांना बेकारी परवडते, असा सरकारचा समज दिसतो. शिवाय त्यांना कुणी काढतच नाही! एचआरच्या मॅडम गोड आवाजात राजीनामा मागतात आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द आपणच टाइप करतो. स्वेच्छेने गेलेल्याला कसला आलाय भत्ता?

आणि हो, हा लाभ आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा नोकरी गमावणारा बहुधा सराईत समजला जात असावा.