भिंतीवरच्या बिनभाड्याच्या रहिवाशास

प्रति,
करड्या घरातले रहिवासी,
बाथरूमबाहेरची भिंत, छताखाली वीतभर,
डोंबिवली.

विषय : आपली ओळख पटवण्याबाबत.

महोदय किंवा महोदया,

स. न. वि. वि.

आषाढातल्या एका सकाळी दात घासताना आपण दिसलात. तसे आपण आधीपासून होतातच. रंगाचा पोपडा समजून मी आपल्याकडे दुर्लक्ष करत होतो. त्या दिवशी पोपडा चार बोटं सरकला आणि ब्रश माझ्या तोंडातच राहिला.

लगेच घरात सर्वपक्षीय बैठक भरली. आईने चष्मा न लावता निकाल दिला : भोपळ्याची बी. छतापर्यंत बी कशी चढली, या शंकेला तिने भीक घातली नाही. शेजारच्या काकूंनी वाळवी ठरवून टाकली आणि आमच्या सागवानी कपाटाबद्दल आगाऊ दुखवटा व्यक्त केला. मुलीच्या फोनने फोटो बघून आधी 'सूर्यफुलाची बी' सांगितलं, आणि फारच आग्रह केल्यावर 'खडा'. कीड मारायला येणारा एक गृहस्थ तर आपल्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, हे लय डेंजर." नाव विचारलं, तर म्हणे, "नावाचं काय करताय? औषध एकच." तिन्ही खोल्यांचा खर्च मात्र त्याला तोंडपाठ होता.

शेवटी केरसुणीच्या काडीने आपल्याला एका जुन्या पोस्टकार्डावर उतरवून घेतलं. अपमान झाला असल्यास क्षमस्व. भिंगाखाली पाहिलं, तर घर सेंटिमीटरभर लांब, चपटं, मध्ये रुंद, दोन्हीकडे निमुळतं. बराच वेळ सामसूम. मग एका टोकातून तपकिरी डोकं आलं, मागोमाग सहा पाय आले, आणि त्या पायांनी कार्ड धरून आपण अख्खं घर ओढून घेतलंत. काडी आडवी घातली, तर डोकं आत गेलं आणि जरा वेळाने चक्क दुसऱ्या टोकातून बाहेर आलं! दोन दारं, शिवाय आतल्या आत वळायला जागा. आमच्या बाथरूममध्ये वळायचं तर आधी बादली बाहेर ठेवावी लागते.

मग पुस्तकं काढली आणि ओळख पटली. आपण एका पतंगाची अळी. इंग्रजीत हाउसहोल्ड केसबेअरर, शास्त्रात फेरिओएका. लोकरी कपड्यांना लागणारी कसर आपल्या भावकीतली, टिनिइडी कुळातली. स्वतःच्या रेशमाला धूळ, वाळू, तंतू चिकटवून आपण घर बांधता, अंगासोबत तेही वाढवता, कोषही त्यातच करता आणि करडा पतंग होऊन उडून जाता. पतंग झाल्यावर म्हणे काही खात नाही. म्हणजे जन्मभराचं जेवण आमच्याकडेच उरकून घेता! असो. आपण वाळवी नाही, ढेकूण नाही, चावायलाही येत नाही.

इथवर घरात आनंदच होता. घोटाळा झाला तो आपल्या आहाराची यादी मोठ्याने वाचल्यावर : जुनी जळमटं, मेलेले किडे, गळलेले केस, कोंडा, लोकरीचे धागे. त्यात दमट हवा विशेष पसंत. यादी संपेपर्यंत कोणी कोणाकडे बघितलं नाही. मी पुन्हा भिंग लावलं. आपल्या घराच्या भिंतीत गेल्या दिवाळीच्या डिस्टेंपरची पिस्ता रंगाची पूड होती, आईच्या स्वेटरचा जांभळा धागा होता आणि एक पांढरा केस होता. तो माझाच, बाकीचे रंगवतात. आपली ओळखपरेड लावायला गेलो आणि पंचनामा आमचाच झाला. "झाडलोटीत कसर ठेवलीत, कसर राहायला आली," आई म्हणाली. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, बोलता येतं.

तरी या पत्राने कळवण्यात येते की, येत्या रविवारी जळमटं काढून कपाटं पुढे ओढण्यात येतील आणि ओली भिंत पंखा लावून सुकवली जाईल. औषध मारलं जाणार नाही. आपल्याला पोस्टकार्डासकट जिन्यातल्या कुंडीत हलवलं आहे. तिथलं भाडंही माफ आहे.

कळावे,
आपला,
खालचा भाडेकरू

ता. क. : कपाटामागे आपले आणखी सात शेजारी निघाले. त्यांतली तीन घरं रिकामी आहेत.