मूठवाले काका

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या सोसायट्यांत हे काका हमखास भेटतात. आयटीआयचा फिटर ट्रेड, मग टूलरूममध्ये उभी हयात आणि निवृत्तीनंतर बाल्कनीत थाटलेला कारखाना. जिथे टॉवेल वाळायचे तिथे आता व्हाइस बोल्ट केलेला असतो. कारखान्याचं उत्पादन एकच : कानशीची लाकडी मूठ.

बाजारात ही मूठ मिळत नाही का? मिळते. रविवार पेठेत बोहरी आळीत गेलात, तर प्लॅस्टिकची मूठ किरकोळ पैशांत मिळेल. पण हे काकांना सांगू नये. ‘प्लॅस्टिक?’ असं म्हणून ते आपल्याकडे असं बघतात, की आपणच ती मूठ ओतून काढली असावी. बिनमुठीची कानस तर त्यांना कठड्यावर चढलेल्या लहान मुलासारखी वाटते. ‘टँग तळहातात घुसला की कळेल!’ (टँग म्हणजे मुठीत जाणारं कानशीचं अणकुचीदार शेपूट.) हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात.

लाकडाच्या बाबतीत काकांचा जीव बाभळीवर. कुऱ्हाडीचा दांडा होऊन घाव सोसते ती बाभूळ कानशीला काय दाद देणार! शिसव दिसायला देखणं, साग नाइलाज म्हणून. पण फ्लॅटमध्ये बाभूळ उगवत नाही, म्हणून काकांची नजर घरातल्या गोल वस्तूंवर फिरू लागते. काकू लाटणं वापरून झालं की कपाटात ठेवतात आणि किल्ली कमरेला लावतात. सोसायटीच्या क्रिकेट टीमकडे हल्ली दोनच स्टंप आहेत. तिसरा कुठे गेला, हे मुलांना माहीत आहे, पण वयाचा मान राखून ती तिथे वीट उभी करतात.

मूठ घडवणं हे मात्र खरंच कसबाचं काम, आणि इथे काकांची टवाळी करता येत नाही. तोंडाशी पितळी शेंबी घट्ट बसवायची, म्हणजे लाकूड फुटत नाही. टँग निमुळता, म्हणून भोकही तीन मापांच्या ड्रिलनी पायरीपायरीने पाडायचं. मग टँग तापवून भोकात घालायचा, म्हणजे लाकूड जळून नेमका त्याचाच आकार घेतं. हे करताना कानशीला ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर दात्यांचं पाणी उतरतं. ते फडकं स्वयंपाकघरातलं असतं आणि मग काकूंचा पारा चढतो. शेवटी कानस वर, मूठ खाली धरून मुठीचं बूड बाकावर ठोकायचं. कानस आपल्याच वजनाने आत बसत जाते. तिच्या डोक्यावर हातोडा घालणाऱ्याला काकांच्या दरबारात क्षमा नाही, कारण इतकं कडक पोलाद वाकत नाही, त्याचा तुकडा उडतो. ही ठकठक ऐकून खालच्या मजल्यावरच्या वहिनींना वाटतं, वर रोज ताजा मसाला कुटतात. त्या काकूंकडे प्रमाण विचारायला येतात.

पुढे पॉलिश पेपर, जवसाचं तेल आणि दोन दिवस वाळवण. तयार मुठी भिंतीवर ओळीने लागतात : फ्लॅटची, अर्धगोलाची, तिकोनीची. घोटाळा असा, की मुठी झाल्या उदंड आणि कानशी पडल्या कमी. म्हणून बुधवारी आणि रविवारी काका पुण्याच्या जुन्या बाजारात जातात. तिथे कानस पारखण्याची त्यांची पद्धत बघून विक्रेतेही बावचळतात. दाते झिजलेले चालतात, गंजलेले चालतात. टँग तेवढा शाबूत पाहिजे.

पावसाळ्यात शेजारच्या घराचं दार फुगलं आणि कडी बसेना. शेजारी कानस मागायला आला. काकांनी भिंतीवरची एक काढली, मूठ हातात फिरवली, परत टांगली. दुसरी काढली, तिच्यावरून पंचा फिरवला, तीही टांगली. ‘हिला जवसाचं तेल कालच दिलंय.’ अखेर बाकाखालून एक नागडी कानस काढली आणि टँगभोवती चिंधी गुंडाळून दिली. ‘ही घेऊन जा. कापते चांगली. पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलायची. आणि टँग सांभाळ हं!’

संध्याकाळी शेजारी कानस परत द्यायला आला, तेव्हा त्याच्या तळहाताला पट्टी होती. काकांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं जे कंठशोष करून सांगितलं, त्याचा पुरावा आज पायांनी चालत दारात आला होता. त्यांनी शेजाऱ्याला आग्रहाने आत बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितला आणि त्याचा दुसरा, धड हात हाती घेऊन मुठीसाठी माप घ्यायला सुरुवात केली.