जबाबदारीचा भागाकार

"पाचवीतल्या पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, जबाबदार कोण?" असं विचारलं की सभेत एकच उत्तर येतं: "आपण सगळेच." हे उत्तर आलं की ओळखावं, आता कुणीच हाताला लागणार नाही.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली जबाबदारीची रीतसर वाटणी केली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कागदावर याहून देखणी लोकशाही दिल्लीतही नाही. फक्त दिवाळीनंतर निम्मी समिती कोयता घेऊन साखर कारखान्यावर जाते, पोरंही उसाच्या फडात. इतिवृत्तात मात्र सभा भरते, "सखोल चर्चा" होते आणि ठराव एकमताने मंजूर होतो. सह्यांचं काय? वही घरोघर फिरते. "गुरुजी, अंगठा कुठं द्यायचा तेवढं दावा."

गुरुजींचंही खरं आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून त्यांना दुसरं काम लावू नये, असं कायद्याचं कलम २७ सांगतं. पण मतदार यादी बारमाही पिकते. शिवाय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, आधारची जुळणी आणि "आज सायंकाळपर्यंत लिंक भरावी". दोन गुरुजी, पाच वर्ग. एक गुरुजी लिंक भरतात, दुसरे पाचही वर्गांना "शांत बसा" शिकवतात.

वरून साहेब येतात. त्यांच्याकडे दोन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार. चहा होतो, शेरेबुकात शेरा पडतो: "गुणवत्तेकडे लक्ष द्यावे." कुणी द्यावे, ते मराठीच्या कर्मणी प्रयोगात सुखरूप दडून राहतं.

'असर' या शैक्षणिक पाहणीच्या चाचणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देतात. पोरांना जमत नाही म्हणून दर अहवालाला ओरड होते. मोठ्यांचा भागाकार मात्र पक्का! एका जबाबदारीला पालक, गुरुजी, सरपंच, साहेब आणि मंत्रालय यांनी भागलं; प्रत्येकाच्या वाट्याला शून्य आलं आणि बाकी उरली ती पोराच्या दप्तरात.

आमची एक नम्र सूचना. सामायिक जबाबदारीचा पुढचा ठराव पाचवीतल्या कुठल्याही पोराने उभं राहून वाचून दाखवावा. तो अडखळला तर ठराव नामंजूर, सभा तहकूब, चहा-बिस्किटं परत. गुणवत्तेसाठी नाही, तरी बिस्किटांसाठी सगळी समिती संध्याकाळी पोराला बाराखडी शिकवायला बसेल.